व्हिटॅमिनांच्या नावांची यादी : जून ते सप्टेंबर २०२४ च्या नोंदी

१८ जून

मे आणि अर्धा जून मिळून मी टाइप केलेल्या ११ मेडिकल फाइल क्यूएमधून, म्हणजे चुका तपासणाऱ्यांकडून, परत आल्या. आज दुपारी लाइन होती म्हणून सगळ्या एकदम उघडून बसले. वाटलं होतं, अवघड औषधांची नावं चुकली असतील. निघालं उलटंच. कॅन्सरची, हृदयाची, तोंडात मावत नाहीत अशी नावं सगळी बरोबर. ११ पैकी ७ फाइल परत आल्या त्या व्हिटॅमिन, कॅल्शियम, लोह असल्या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींवरून.

कारण लगेच कळलं. अवघड नाव आलं की आपण शोधतो. व्हिटॅमिन आलं की टाइप करून पुढे जातो. ते काय, माहीतच असतं.

नव्यानं हे काम करणाऱ्यांसाठी थोडं सांगते. आम्ही तिघी घरून मेडिकल ट्रान्सक्रिप्शन करतो. मी समुद्रपूर तालुक्यातल्या खेड्यात, एक हिंगणघाटवाली, एक गिरडवाली. अमेरिकेतले डॉक्टर बोलून ठेवतात, आम्ही ऐकून टाइप करतो. काही फाइल आता मशीनच आधी टाइप करून देतं, त्या ऐकत ऐकत दुरुस्त करायच्या. ६५ अक्षरांची एक ओळ, ओळीला ७० पैसे. फाइल परत आली की त्या फाइलचे पैसे अर्धे. मेमध्ये त्यातच माझे साधारण ९०० रुपये गेले. म्हणून ठरवलं की फक्त पूरक औषधांची आणि व्हिटॅमिनांची एक यादी करायची, तिघींसाठी एकच.

या नोंदींतली उदाहरणाची वाक्यं मी बनवलेली आहेत. पेशंटची फाइल नोंदीत येत नाही, हा आमचा पहिला नियम.

२१ जून

सुरुवातच चुकली. दोन दिवस गावच्या मेडिकलमध्ये उभी राहून डब्यांवरची नावं उतरवली. दुकानदार भाऊ ओळखीचे, त्यांनी मागचं कपाटही उघडून दिलं. बेकोसूल्स, शेलकॅल, झिंकोव्हिट, न्यूरोबिऑन, एव्हिऑन, लिमसी... १६० नावं झाली. घरी येऊन सहा महिन्यांच्या फाइलमध्ये शोध मारला. एकही नाव सापडलं नाही. सापडणार कसं? तिकडचा डॉक्टर बेकोसूल्स कशाला म्हणेल! तो सेंट्रम म्हणतो, सिट्राकॅल म्हणतो, ऑस-कॅल म्हणतो.

१६० ओळी पुसल्या. दोन दिवस पाण्यात. भाऊ विचारत होते, "काहून व, दुकान टाकून रायली का?"

२४ जून

दुसऱ्यांदा सुरुवात, यावेळी उलट बाजूनं. आधी परत आलेल्या ७ फाइल, मग मागच्या तीन महिन्यांतली औषधांच्या रकान्यात आलेली सगळी नावं. तक्त्यात सहा रकाने केले: कानाला कसं ऐकू येतं, लिहायचं कसं, जेनेरिक की ब्रँड, नेहमीचा डोस, एकक, आणि कशाशी गल्लत होते. शेवटचा रकाना हौसेनं टाकला होता. पुढे तोच सगळ्यात कामाचा ठरला.

अक्षरांचे नियम आजच लिहून टाकले, त्यात वाद नाही. ‘व्हिटॅमिन’ शब्द लहान लिपीत, त्याचं अक्षर कॅपिटल. वाक्याच्या सुरुवातीला आलं तरच ‘व्हिटॅमिन’चा व्ही मोठा. जेनेरिक नाव लहान, ब्रँडचं पहिलं अक्षर मोठं. ‘मल्टिव्हिटॅमिन’ एक शब्द. ‘ओमेगा-३’ मध्ये आडवी रेघ हवी. बी१२ चं काय? आमच्या एका ग्राहकाला रेघ नको, दुसऱ्याला हवी. ज्याची फाइल, त्याची स्टाइल शीट, म्हणजे कसं लिहायचं याच्या नियमांचा कागद. त्यात आपली अक्कल चालवायची नाही. मी चालवली होती, तीन वेळा.

२७ जून

आजची चूक जरा सविस्तर लिहिते, कारण ती माझ्या कानाची नव्हती.

परत आलेल्या एका फाइलमध्ये मी टाइप केलं होतं: व्हिटॅमिन डी३, आठवड्यातून एकदा, ६०,००० युनिट. डॉक्टर बोलला होता: व्हिटॅमिन डी२, ५०,००० युनिट. आज ऑडिओ पुन्हा ऐकला तर ‘फिफ्टी थाउजंड’ लख्ख ऐकू येतंय. तेव्हा मला ‘सिक्स्टी’ ऐकू आलं होतं, आणि शपथेवर सांगते, तेही लख्खच.

झालं असं की आमच्या घरी सासूबाईंना गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी डी३ दिलं होतं, ६०,००० चं, आठवड्याला एक. मेडिकलमध्ये डी म्हटलं की तेच हातात पडतं. अमेरिकेत डॉक्टर जी कॅप्सूल चिठ्ठीवर लिहून देतात ती बहुतेक वेळा डी२, म्हणजे एर्गोकॅल्सिफेरॉल, ५०,००० युनिटची. डी३ म्हणजे कोलेकॅल्सिफेरॉल. दोन वेगळे पदार्थ आणि आकडाही वेगळा. माझ्या डोक्यात घरचा डबा होता, त्यानं कानाला ऐकूच दिलं नाही.

वर मी स्वतःच एक खड्डा खणून ठेवला होता. शॉर्टकटच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘व्हीडी’ टाइप केलं की ‘व्हिटॅमिन डी३’ उमटावं अशी सोय केली होती. म्हणजे डॉक्टर नुसतं ‘व्हिटॅमिन डी’ म्हणाला तरी माझ्याकडून ३ चिकटणार. मागच्या दोन महिन्यांत असं किती वेळा झालं असेल, तपासायची हिंमत झाली नाही. शॉर्टकट काढला. आता तीन वेगळे आहेत: नुसता डी, डी२, डी३.

जाता जाता: त्या ५०,००० च्या कॅप्सूलवर १.२५ एमजी असंही छापलेलं असतं. हिंगणघाटवालीला वाटलं डॉक्टर चुकला. चुकला नव्हता. डी व्हिटॅमिनचा १ मायक्रोग्रॅम म्हणजे ४० युनिट, त्या हिशेबानं १,२५० मायक्रोग्रॅमचे ५०,००० होतात. पण हा हिशेब फक्त आपल्या खात्रीसाठी. डॉक्टर एमजी म्हणाला तर एमजीच लिहायचं, आपण युनिट करून द्यायचे नाहीत.

३ जुलै

बी, डी, ई, पी, टी. इंग्रजीतली ही अक्षरं फोनवरून आलेल्या आवाजात सारखीच लागतात. डॉक्टर गाडी चालवत बोलत असला की विचारू नका.

आज एका दिवसात दोन. ‘बी१२ लेव्हल’ की ‘टी१२ लेव्हल’? पहिलं रक्तातलं व्हिटॅमिन, दुसरा पाठीचा मणका. दुर्दैव असं की ‘लेव्हल’ हा शब्द दोन्हीकडे फिट बसतो. गिरडवालीनं मणक्याच्या रिपोर्टमध्ये बी१२ लिहून टाकलं. वाक्य वाचायला अगदी सरळ, म्हणून चूक दिसतही नाही. दुसरं ‘डी३’ आणि ‘टी३’. टी३ थायरॉइडचं हार्मोन. थायरॉइडच्या पेशंटच्या फाइलमध्ये दोन्ही तपासण्या एकाखाली एक येऊ शकतात.

यावर कानाचा इलाज नाही, शेजाराचा आहे. आसपास फ्रॅक्चर, एमआरआय, पाठदुखी असेल तर टी१२. रक्ताच्या तपासण्यांच्या ओळीत असेल, इंजेक्शन असेल, हातापायाला मुंग्या असतील तर बी१२. टी३ च्या शेजारी टी४ आणि टीएसएच येतात, डी३ च्या शेजारी कॅल्शियम. रकान्यात हेच लिहिलं.

‘के’चाही घोळ आहे. डॉक्टर नुसतं ‘के’ म्हणाला तर बहुधा पोटॅशियम, कारण रसायनशास्त्रात पोटॅशियमची खूण के. व्हिटॅमिन के हवं असेल तेव्हा तो ‘व्हिटॅमिन’ म्हणतोच, सहसा वॉर्फरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाच्या गोष्टीत.

९ जुलै

रात्रीपासून पाऊस. लाइन नाही, नेट नाही. काही झालं नाही.

१४ जुलै

आज जे केलं ते कुणाला सांगू नये असं आहे, पण त्यासाठीच तर या नोंदी.

एककांचं काम काढलं होतं. ‘इंटरनॅशनल युनिट’साठी आय आणि यू ही दोन अक्षरं लिहायची आपली सवय. आमच्या ग्राहकाकडे ती चालत नाहीत. अमेरिकेत जॉइंट कमिशन नावाची रुग्णालयांना मान्यता देणारी संस्था आहे, तिनं २००४ मध्ये वापरू नयेत अशा संक्षेपांची यादी काढली, त्यात ही अक्षरं आहेत. हातानं लिहिलेलं आययू कुणी आयव्ही वाचतं, म्हणजे शिरेतून द्यायचं. कुणी १० वाचतं. म्हणून शब्द पूर्ण लिहायचा.

यादीत तोवर १४० ओळी झाल्या होत्या, बऱ्याच ठिकाणी आययू होतं. एकेक कशाला बदलू म्हणून तक्त्यात ‘सगळे बदला’ दाबलं. आययूच्या जागी इंटरनॅशनल युनिट्स. मशीननं सांगितलं, इतके इतके बदल झाले. आकडा मोठा वाटला, पण कुकर तिसऱ्या शिट्टीवर होता. सेव्ह केलं, शॉर्टकटच्या सॉफ्टवेअरमध्ये यादी चढवली आणि उठले.

कॅल्शियमच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये काय येतं बघा. सी ए एल सी, मग आय यू, मग एम. मशीनला लहान-मोठं अक्षर पाहायला मी सांगितलंच नव्हतं. त्यानं कॅल्शियमच्या पोटात ‘इंटरनॅशनल युनिट्स’ कोंबलं. मॅग्नेशियमच्याही. सोडियम, पोटॅशियम, सेलेनियम, क्रोमियम, कुणी सुटलं नाही. इसबगोलला तिकडे सिलियम म्हणतात, तेही फुटलं. ‘डाययुरेटिक’ मध्येच दुभंगलं. तांबी ज्याला आपण म्हणतो त्या आययूडीचं तर ‘इंटरनॅशनल युनिट्स डी’ झालं. जणू नवीनच व्हिटॅमिन.

रात्री हिंगणघाटवालीचा फोन. "ताई, मी कॅल्शियम कार्बोनेट टाइप करून रायली तर हे काय येऊन रायलं?" तिची एक फाइल तशीच गेलीही होती. क्यूएच्या माणसानं शेऱ्यात नुसतं प्रश्नचिन्ह टाकलं.

यजमानांना सांगितलं तर हसू आवरेना त्यांना. "कॅल्शियमचंबी वाटोळं केलं का तुनं?"

१५ जुलै

दुरुस्ती. जुनी प्रत ठेवली नव्हती, ही खरी चूक. बदल मागे घ्यायची सोय फाइल बंद केली की संपते.

असं निस्तरलं: आधी उलटा बदल केला, ‘इंटरनॅशनल युनिट्स’च्या जागी लहान अक्षरांतलं आययू. कॅल्शियम, मॅग्नेशियम सगळे पुन्हा जुळले. मग शोधताना आययूच्या आधी एक मोकळी जागा दिली, म्हणजे शब्दाच्या पोटातलं आययू त्यात सापडत नाही, फक्त आकड्यानंतर सुटं आलेलं सापडतं. यावेळी ‘सगळे बदला’ नाही, एकेक बघून. आययूडी आणि त्याच्या जातीचे आणखी दोन हातानं केले. साडेतीन तास गेले. एकेक बदलायला बसले असते तर पाऊण तास लागला असता.

तेव्हापासून यादीच्या नावात तारीख असते, आणि रोजची एक प्रत गिरडवालीच्या पेनड्राइव्हवर.

एककांचं उरलेलं पटकन: मायक्रोग्रॅमसाठी ग्रीक म्यू नको, एमसीजी. १ एमजीच्या पुढे पॉइंट शून्य लावायचं नाही, पॉइंट दिसला नाही की ते १० होतं. अर्ध्याच्या आधी मात्र शून्य हवंच, ०.५. आणि डॉक्टर ‘माइक्स’ म्हणाला तर तो माणूस नाही, मायक्रोग्रॅम आहे. बी१२ चे १,००० एमसीजी नेहमीचे. कुठे १,००० एमजी दिसलं तर थांबायचं.

२२ जुलै

‘सल्फेट’. आपल्या शाळेतल्या पुस्तकात ते पी-एच घालून, तिकडे एफ. माझ्या कॉम्प्युटरची भाषा ‘इंग्रजी, भारत’ होती, त्यामुळे मी एफ टाइप केलं तरी खाली लाल रेघ, आणि मी बावळटासारखी दुरुस्त करत होते. ॲनिमियातही मध्येच एक जादा ए. भाषा ‘अमेरिका’ केली. पाच मिनिटांचं काम, पण वर्षभर सुचलं नव्हतं.

त्याच ओघात स्वल्पविराम. १ लाख आपण १,००,००० लिहितो, ते १००,००० लिहितात. जाऊबाई आशा आहेत, त्यांच्या तोंडी सदा ‘नऊ महिन्याच्या लेकराले एक लाख, मंग सहा सहा महिन्यानं दोन लाख’, अ जीवनसत्त्वाच्या डोसचं. माझ्या बोटांना तोच स्वल्पविराम.

लोहाच्या गोळीबद्दल त्यांच्याशी बोलणं झालं ते उपयोगी पडलं. त्यांच्या पिशवीतल्या गरोदर बायकांच्या लाल गोळीवर ६० एमजी लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. हे ६० म्हणजे नुसतं लोह. तिकडचा डॉक्टर ‘फेरस सल्फेट ३२५’ म्हणतो, ते अख्ख्या क्षाराचं वजन आहे, त्यात लोह ६५. मी एकदा ३२५ ऐकून घाबरून तिथे जागा रिकामी सोडली होती. दोन्ही आकडे आता यादीत शेजारी आहेत. ज्याचा उच्चार होईल तो लिहायचा.

३० जुलै

गल्लतीच्या जोड्या. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तो वाया गेला असं म्हणणार नाही.

फॉलिक ॲसिड आणि फोलिनिक ॲसिड. मध्ये एवढासा ‘नि’. फोलिनिकचं दुसरं नाव ल्युकोव्होरिन. वाईट असं की दोन्ही मेथोट्रेक्सेटच्या शेजारी येतात, त्यामुळे शेजाराचा नियम इथे पुरत नाही. संधिवाताला मेथोट्रेक्सेट कमी डोसमध्ये असतं, तिथे बहुधा फॉलिक. कॅन्सरसाठी मोठा डोस देऊन नंतर त्याचा विषार उतरवायचा असेल तर फोलिनिक. डोस आणि विभाग दोन्ही बघूनही शंका राहिली तर ऑडिओतली वेळ टाकून जागा रिकामी.

फॉलिकच्या डोसात माझी आणखी एक फाइल परत आली होती. आवाज घोगरा होता, आकडा नीट आला नाही, मी ५ एमजी टाकलं. का? तर आमच्या भागात सिकलसेलची कुटुंबं बरीच, माझ्या मामेभावाची लेक रोज ५ ची गोळी घेते. फॉलिक म्हटलं की ५, हे मला पाठच. अमेरिकेत नेहमीची गोळी १ एमजीची किंवा ४००, ८०० एमसीजीची. पुन्हा घरचा डबा.

पायरिडॉक्सिन म्हणजे बी६. पायरिडोस्टिग्मिन मायस्थेनिया नावाच्या स्नायूंच्या आजाराचं औषध. पहिली तीन अक्षरं ऐकून शॉर्टकट दाबायचा नाही. मी या दोन्हींचे शॉर्टकट मुद्दाम ठेवलेच नाहीत, पूर्ण टाइप करायचं.

हायड्रॉक्सोकोबालामिन. मधला स्वर ओ. डॉक्टर स्वतः ‘हायड्रॉक्सी’ म्हणतात, आपण ‘हायड्रॉक्सो’ लिहायचं. मिथाइलकोबालामिन आणि सायनोकोबालामिन मात्र जे म्हटलं तेच. ‘सगळं बी१२ च तर आहे’ म्हणून एकाच्या जागी दुसरं नाही. हिंगणघाटवालीचं म्हणणं पडलं की मग नुसतं बी१२ लिहिलं तर चालेल ना. नाही. डॉक्टर जे नाव बोलला ते नाव.

११ ऑगस्ट

ब्रँड. नावाच्या पोटात मोठी अक्षरं ठेवायची या कंपन्यांना कसली हौस असते कळत नाही. डोळ्यांच्या प्रिझर्व्हिजनमध्ये मधला व्ही मोठा. कोएन्झाइम क्यू१० थोडक्यात लिहायचं तर सी मोठा, ओ लहान, क्यू मोठा. कानाला ते ‘कोक्युटेन’ लागतं. मी सुरुवातीला ते मुरुमांचं औषध समजून शोधत बसले होते.

ऑस-कॅल आणि असाकॉल. घाईत बोललेलं ऐका, फरक सांगा. ऑस-कॅल कॅल्शियम, असाकॉल आतड्याच्या सुजेचं औषध. इथे आकडा वाचवतो: ऑस-कॅल ५०० चं, असाकॉल ८०० चं, आधी ४०० चंही यायचं. ऑस-कॅलचा ५०० म्हणजे शुद्ध कॅल्शियम, कार्बोनेट धरलं तर १,२५०. आपल्या शेलकॅल ५०० चं गणित हेच. एवढ्या एका ठिकाणी मेडिकलमधले दोन दिवस कामी आले.

आणि सॅमी. वाक्य असं काहीसं: ती मूडसाठी रोज सॅमी घेते. मी टाइप केलं ‘सॅमी’, नाव म्हणून, एस मोठा. मनात म्हटलं कुत्रा असेल, रोज फिरायला नेत असेल, मूड बरा राहतो. ते निघालं एस-ॲडेनोसिल मेथिओनिन नावाचं पूरक औषध. लिहायचं एस, ए, एम मोठे आणि शेवटचा ई लहान. उच्चार खरंच सॅमी. दोन दिवस तिघी एकमेकींना फोनवर ‘सॅमीले फिरवलं का’ विचारत होतो.

खात्री कुठे करायची, तर अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचं डेलीमेड. औषधांची लेबलं तिथे फुकट वाचता येतात. नुसत्या गूगलवर जाऊ नका. चुकीचं स्पेलिंग टाकलं तरी तेच चुकीचं लिहिलेली दहा दुकानं तो दाखवतो आणि आपल्याला वाटतं बरोबर आहे. गिंकगो या औषधी झाडाचं माझं तसंच झालं होतं. के आधी, मग जी. उलटं लिहिणारे हजारो आहेत.

१९ ऑगस्ट

राखीला माहेरी. बसमध्ये हेडफोन लावून एक फाइल नुसती ऐकली आणि घरी येऊन पुन्हा ऐकली. बसमध्ये ‘बायोटीन’, घरी ‘बायोटिन’. बायोटिन म्हणजे बी७, केसांसाठी बायका घेतात. बायोटीन तोंड कोरडं पडतं त्यासाठीची गुळणी. मशीननं टाइप केलेल्या मसुद्यात गुळणी होती. डॉक्टर म्हणत होता ५,००० एमसीजी, गुळणी मायक्रोग्रॅममध्ये कोण मोजतं?

ही चूक वाटते तेवढी किरकोळ नाही. बायोटिन जास्त घेतलं की रक्ताच्या काही तपासण्या खोट्या येतात, थायरॉइडच्याही, हृदयविकारात बघतात त्या ट्रोपोनिनच्याही. अमेरिकेच्या एफडीएनं २०१७ मध्ये तसा इशारा दिला होता. रिपोर्टमधून बायोटिन गेलं तर पुढच्या डॉक्टरला आकडा विचित्र का आला ते कळणारच नाही. पूरक औषधांच्या रकान्याकडे मी ‘भरून टाकायचा रकाना’ म्हणून बघत होते, ते त्या दिवशी बंद झालं.

२ सप्टेंबर

पोळा. योगायोगानं आज तिकडे लेबर डे, त्यामुळे फाइल मोजक्याच. बैलांना ओवाळून, पुरणाचं आटपून दुपारी बसले.

पहिल्यांदा घरचं ज्ञान सरळ उपयोगी पडलं. मशीनचा मसुदा: पेशंट ‘ॲश वॅगन द’ घेतो. राखेची गाडी. क्यूएनं वर शेरा मारून आमच्याकडे पाठवलेली, ऐकून बघा म्हणून. अश्वगंधा. एका सेकंदात. तिकडे ती झोपेसाठी आणि टेन्शनसाठी खपते म्हणे.

हळदीचंही तसंच. डॉक्टर ‘टूमरिक’ म्हणतो, पहिला आर खातो, आणि मशीनही तो खाऊन लिहितं. इंग्रजी स्पेलिंगमध्ये टी यू नंतर आर हवा. आमच्या तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, आणि मी चार महिने आर न घालता लिहीत होते!

सासूबाई मागून, "सणाच्या दिशीबी काहून बसली व माय त्या डब्ब्यापुढे?" हळद लिहून राहिले म्हटलं. पटलं नाही.

१५ सप्टेंबर

परीक्षा घेतली. मी २० वाक्यं तयार करून माझ्याच आवाजात, मोबाइलवर, मुद्दाम घाईत रेकॉर्ड केली. दोघींनी आधी यादीशिवाय टाइप केली, चार दिवसांनी यादी घेऊन. यादीशिवाय हिंगणघाटवालीच्या ९ चुका, गिरडवालीच्या ७. यादी घेऊन ३ आणि २. पण माझा उच्चार अमेरिकन नाही आणि दुसऱ्या वेळी वाक्यं ओळखीची होती, तेव्हा या आकड्यांवर मी फार नाचत नाही. वेळ मात्र वाढला, तो खरा आहे. गिरडवाली म्हणाली, यादीत शोधेपर्यंत दोन ओळी निघून जातात. म्हणून सगळ्यात जास्त फसवणाऱ्या ३० जोड्यांचा एक कागद वेगळा छापून भिंतीवर लावायचं ठरलं.

एक वाद अजून मिटला नाही. शंका असेल तर जागा रिकामी सोडा, हे सगळेच सांगतात. पण एका फाइलमध्ये तीनपेक्षा जास्त रिकाम्या जागा गेल्या की आमच्याकडे त्याचेही गुण कापतात. मग पोरी अंदाज ठोकतात. मी त्यांना सांगितलंय, अंदाज ठोकायचाच मोह झाला तर तो तपासणीतल्या नाकात किंवा घशात ठोका, औषधाच्या रकान्यात नको. हे मला कुणी शिकवलेलं नाही, आणि क्यूएला आवडेल असंही नाही.

आतापर्यंतचा खर्च: हेडफोन १,४५० रुपये, जुन्यात ‘बी’ आणि ‘डी’ एकच लागत होते. प्रिंट ३६ रुपये. पेनड्राइव्ह ३५०. माझे साधारण ६० तास, त्यातले १६ मेडिकलच्या कपाटापुढे आणि साडेतीन कॅल्शियम जुळवण्यात. यादी २१४ ओळींची.

२७ सप्टेंबर

या महिन्यात परत आलेल्या फाइल ४. पूरक औषधांवरून १. तीही माझीच, ‘सेंट जॉन्स वर्ट’मध्ये ओच्या जागी ए पडला आणि औषधी झाडाचा चामखीळ झाला.

गिरडवालीनं आज मशीनच्या मसुद्यातलं ‘ऑफिशियल रोज दोन कॅप्सूल’ पकडलं. फिश ऑइल होतं. यादीत ते नव्हतंच, तिनं स्वतःहून २१५ वी ओळ टाकली. नव्या ग्राहकाची स्टाइल शीट कालच आलीय, त्यांना बी१२ चा आकडा खाली बारीक हवाय. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये तो तसा उमटत नाही, विचारून मेल टाकला आहे. परवापासून गिरडवालीकडे सोयाबीनची कापणी, आठ दिवस ती नाही. तिच्या फाइल माझ्याकडे.